चवथीचं रंगकाम आणि छताखालची भिंगरीची घरटी – तुमच्याकडे काय करता? (गोवा)

वाळवंटीकाठची

नमस्कार मंडळी, धागा जरा घाईत काढतेय कारण वेळ कमी आहे. साखळी गावी आमच्या इमारतीत चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी रंगकाम काढलंय, पावसाने उघडीप दिली की पेंटर परांची बांधणार, आणि खाली पार्किंगच्या स्लॅबला लालबुडी भिंगरीची घरटी आहेत. एकात पिल्लं आहेत हे नक्की कारण रोज सकाळी आवाज येतो. कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की सगळं खरवडून साफ करायचं, वरून प्रेशर पंपाने धुवायचं आणि मग प्रायमर. मी बोलले तर उत्तर मिळालं, "चवथीला पाहुणे येतात, गाड्यांवर घाण नको."

ज्यांना हा पक्षी माहीत नाही त्यांच्यासाठी, पाठ चकचकीत निळी-काळी, शेपटीच्या वर कंबरेला तांबूस पट्टा, पोटावर बारीक रेघा, शेपटी लांब आणि दुभंगलेली. घरटं म्हणजे अर्धी कापलेली सुरई छताला चिकटवावी तसं, पुढे नळीसारखं तोंड. नर-मादी दोघं मिळून चोचीतून ओल्या मातीच्या गोळ्या आणून एकेक करून लावतात, जवळून बघितलं तर प्रत्येक गोळी वेगळी दिसते, काही लाल मातीच्या काही काळसर, म्हणजे दोन-तीन ठिकाणची माती आहे हे सरळ कळतं.

काल मी जिन्यात उभी राहून बघत होते. आई आली, नळीच्या तोंडाला लटकली, आतून चोच बाहेर आली, घास गेला, आणि जाताना ती विष्ठेची पांढरी पुटकुळी चोचीत धरून बाहेर घेऊन गेली. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे सगळं कुणीतरी पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढणार ही कल्पना मला सहन होत नाहीये.

तर विचारायचं असं की तुमच्या घरी, वाड्यावर, सोसायटीत चवथीच्या आधी हा प्रश्न येतो का आणि आला तर काय करता? आणि कमिटीला पटेल असं काय सांगू?

चिरेबंदी

ताई, आमचं फोंड्याकडचं जुनं चिऱ्याचं घर. ओसरीच्या वाशाला वर्षानुवर्षं घरटी आहेत, आजीच्या काळापासून कुणी हात लावलेला नाही. ती म्हणायची घरात पिल्लं असताना झाडू वर न्यायचा नाही. आम्ही रंग एप्रिलच्या सुरुवातीला काढतो, घरटी बांधायला सुरुवात व्हायच्या आत. चवथीला फक्त शेणसारवण, माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) दांडी आणि देवाची खोली. एवढा साधा उपाय आहे पण हल्ली सगळ्यांना रंग चवथीच्या आठवडाभर आधीच हवा असतो.

वाळवंटीकाठची

चिरेबंदी, आजीचं आमच्या कमिटीला ऐकवायला हवं :) एप्रिलच्या सुरुवातीचा मुद्दा घेते, पुढच्या वर्षासाठी तरी.

म्हापशेकर१२

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो, राग मानू नका. आमच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज विष्ठा असते. घरात लहान बाळ आहे, बायको कपडे गॅलरीत वाळत घालते तिथेही तेच. पिसवांसारखे बारीक किडे पण पडतात घरट्यातून. आणि हा पक्षी काही दुर्मिळ नाही ना, सगळीकडे तारांवर बसलेला दिसतो. वाघ-बिबट्यासाठी कायदा समजू शकतो, पण प्रत्येक चिमणी-पाकोळीसाठी इमारतीचं काम थांबवायचं म्हणजे माणसाने करायचं काय?

सड्यावरचा

म्हापशेकर, तुमचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय आहेत, ते खाली लिहितो. आधी "सगळीकडे दिसतो" बद्दल, कारण याच वाक्यावर जगभर भिंगऱ्या गेल्या.

उत्तर अमेरिकेचं बघा. २०१९ मध्ये सायन्स मासिकात मोठा अभ्यास आला, १९७० पासून तिथले जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले. त्यात उडता उडता हवेतले किडे खाणारे पक्षी, म्हणजे भिंगऱ्या, पाकोळ्या वगैरे, सुमारे एक तृतीयांशाने घटले. कॅनडात बँक स्वॉलो नावाची भिंगरी आहे, नदीकाठच्या उभ्या मातीत बिळं करून राहणारी, ती साधारण चाळीस वर्षांत ९८ टक्के कमी झाली. ९८! ती पण "सगळीकडे दिसायची". ब्रिटनमध्ये हाऊस मार्टिन, म्हणजे घराच्या वळचणीला मातीचं घरटं बांधणारा आपल्या लालबुडीचा चुलतभाऊ, २०२१ च्या आढाव्यात थेट लाल यादीत, म्हणजे सगळ्यात चिंताजनक गटात गेला, आणि त्याच यादीत तिथली पाकोळी म्हणजे स्विफ्ट पण. हे दोन्ही माणसाच्या घरावर राहणारे पक्षी.

आणि अगदी टोकाचं उदाहरण थायलंडचं. १९६८ मध्ये बुएंग बोरफेत नावाच्या तळ्यावर कित्ती थोंगलोंग्या या शास्त्रज्ञाला रात्री लव्हाळ्यात झोपायला येणाऱ्या भिंगऱ्यांमध्ये एक वेगळाच पक्षी सापडला, पांढऱ्या डोळ्याचा, शेपटीला दोन लांब तारा. तिथले लोक भिंगऱ्या पकडून बाजारात विकायचे, त्यांच्याच जाळ्यात हा आला. शास्त्राला माहीत झाल्यावर दहा-बारा वर्षांत तो दिसायचाच बंद झाला. त्याचं घरटं कसं असतं, तो उन्हाळ्यात कुठे जातो, हे कळायच्या आत संपलं सगळं. आजही कागदावर तो अतिसंकटग्रस्त आहे, नामशेष जाहीर केलेला नाही, पण खात्रीची नोंद इतकी वर्षं नाही.

आपली लालबुडी आज धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत नाही, हे मान्यच. पण पक्षी कमी झाल्याचं आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून आत्ता बोलतोय.

आता त्रासावर. घरट्याच्या खाली दीड-दोन फुटांवर फूटभर रुंदीची फळी लावा, प्लायवूड चालेल, भिंतीला दोन अँगल मारून. विष्ठा फळीवर पडते, पिल्लं उडून गेली की फळी काढून धुवायची. घरट्याला अगदी चिकटून लावू नका, कावळ्याला बसायला जागा होते. जपानमध्ये लोक दुकानाच्या दाराशी घरट्याखाली चक्क छत्री उलटी टांगतात, तिथे भिंगरीने घरटं बांधणं शुभ मानतात, गिऱ्हाइकं खालून येतात-जातात. ते बारीक किडे पक्ष्याच्या अंगावर जगणारे असतात, माणसावर टिकत नाहीत, पण बाळ आहे तर फळी साफ करताना तोंडाला मास्क लावा आणि सुकी विष्ठा झाडू नका, पाणी मारून ओली करून मग काढा. एवढं पुरतं.

मीठागर

वाचतेय. छान धागा. एक शंका, हिवाळ्यात पणजी-रायबंदर कॉजवेवर विजेच्या तारांवर रांगेने शेकड्यांनी बसलेल्या असतात त्या याच का? मी रोज तिकडून बसने जाते, संध्याकाळी मिठागरांवरून त्यांचं उडणं बघत राहावंसं वाटतं.

सड्यावरचा

मीठागर, त्यातल्या बहुतेक माळभिंगऱ्या, म्हणजे बार्न स्वॉलो. गळा आणि कपाळ विटकरी, पोट पांढरट, गळ्याखाली काळा पट्टा. त्या इथे घरटं करत नाहीत, हिमालयात आणि त्याच्या पलीकडे मध्य आणि उत्तर आशियात करतात आणि पावसाच्या शेवटी गोव्यात उतरतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. वजन जेमतेम १८-२० ग्रॅम. तो कॉजवे पोर्तुगिजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधला, सुमारे तीन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना खाजन (भरतीच्या पाण्यालगत बांध घालून केलेली शेतं) आणि मिठागरं, म्हणजे उडत्या किड्यांना भरपूर जागा. माळभिंगरीसाठी असा उघडा ओला पट्टा फार मोलाचा.

त्यांचं एक बघण्यासारखं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. डर्बनजवळ माउंट मोरलँड नावाच्या जागी लव्हाळ्याचं छोटं रान, तिथे युरोपातून आलेल्या माळभिंगऱ्या रात्री झोपायला उतरायच्या, तेव्हा अंदाज तीस लाखांचा होता. शेजारीच नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ यायचा होता, २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी. लोकांनी आवाज उठवला, लव्हाळी वाचली, आणि पक्ष्यांचे थवे दिसावेत म्हणून विमानतळावर रडार बसवलं. संध्याकाळी थवा उतरायच्या वेळी विमानं थोडी सांभाळून आणायची सोय केली. एवढ्या मोठ्या विमानतळाला जमलं, आपल्याला पार्किंगचा एक कोपरा का जमू नये?

वाळवंटीकाठची

विमानतळाचं माहीत नव्हतं, हे कमिटीत सांगणार. मीठागर, हिवाळ्यात त्या तारांवरच्या भिंगऱ्यांचे फोटो नक्की टाक.

रंगारी_डिचोली

नमस्कार, मी स्वतः रंगाचा धंदा करतो, डिचोली, साखळी, अस्नोडा भागात कामं घेतो. पक्ष्यांचं फार कळत नाही पण कामातलं सांगतो. आम्हाला रेट स्क्वेअर फुटावर मिळतो आणि मालक काय सांगतो तेवढं आम्ही करतो. घरटं ठेवा असं सांगणारा माणूस फार क्वचित भेटतो, सगळे म्हणतात एकदम क्लीन करून टाक. घरटं ठेवायचं असेल तर आम्हाला काही त्रास नाही, सोपं आहे. घरट्याच्या चारी बाजूंनी दीडेक फूट जागा सोडायची, टेप मारायची, ब्रशनेच काम करायचं. एवढा तुकडा पिल्लं गेल्यावर माझा पोरगा शिडी लावून अर्ध्या तासात करून येतो, त्याचे वेगळे पैसे आम्ही सहसा घेतही नाही.

नुकसान कशाने होतं ते सांगतो. सगळ्यात वाईट प्रेशर वॉशर, पाण्याचा झोत लागला की घरटं मुळासकट खाली. दुसरं स्प्रे मशीन, रंगाचा धूर आत जातो, पिल्लं गुदमरतात. तिसरं परांची, घरट्याच्या तोंडासमोर बांबू आणि हिरवी नेट बांधली की आई आत येऊ शकत नाही, आम्ही दोन-दोन दिवस नेट काढत नाही तोवर काय होत असेल देव जाणे. म्हणून परांची बांधतानाच सांगायला हवं, रंगाच्या दिवशी सांगून उपयोग नाही.

अजून एक, जिथे पूर्वी घरटी होती तिथे ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंगचा गुळगुळीत थर दिला की पुढच्या वर्षी माती धरतच नाही. बांधतात आणि पडतं, परत बांधतात परत पडतं. मी बघितलंय. तिथे साधा सिमेंट प्लास्टर खडबडीत ठेवला किंवा लाकडाची पट्टी मारली तर टिकतं.

वाळवंटीकाठची

रंगारीदादा, देव बरें करूं! तुम्ही जे लिहिलंत ना ते कुठल्याही पक्ष्यांच्या पुस्तकात मिळालं नसतं. नेट आणि परांचीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तुमचं हे मी तसंच कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर चालेल ना?

रंगारी_डिचोली

टाका की. माझं नाव नको फक्त, मालक लोक वेगळा अर्थ काढतात.

फ्रँकफुर्टहून

मूळ गाव पेडणे, सध्या जर्मनीत. इथे भिंगऱ्यांच्या घरट्यांना कायद्याने संरक्षण आहे, वस्तीचं घरटं पाडायचं असेल तर परवानगी लागते आणि बदली जागा द्यावी लागते. पण मला आवडलेली गोष्ट कायद्यापेक्षा वेगळी. इथली नाबू नावाची निसर्गसंस्था भिंगरीला जागा देणाऱ्या घरांना एक पाटी देते, दारावर लावायची, "भिंगरीचं स्नेही घर" अशा अर्थाची. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्याला ती आहे आणि तो ती पाटी पाहुण्यांना पहिली दाखवतो.

मात्र घरटी वाचवून पूर्ण काम होत नाही हेही इथेच कळलं. घरटी आहेत, फळ्या आहेत, पाट्या आहेत, पण हवेत खायलाच कमी. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, २७ वर्षांत उडत्या किड्यांचं एकूण वजन तीन चतुर्थांशापेक्षा जास्त घटलं. संरक्षित जागेत हो! त्याआधी २०१४ मध्ये हॉलंडच्या अभ्यासात दिसलं की ज्या भागातल्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक जास्त, तिथे किडे खाणारे पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी कमी होतायत. २०१८ मध्ये युरोपियन युनियनने ते आणि त्याच जातीची आणखी दोन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे भाताच्या तुडतुड्यावर तेच औषध मारतात, डबा बघा.

खाजनातली

फ्रँकफुर्टहून यांना +१. मी शेतीशास्त्राची विद्यार्थिनी, घरची थोडी खाजन शेती आहे दिवाडीला. आमच्याकडे मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचं पाणी आत-बाहेर होतं, पावसात भात आणि नंतर त्याच पाण्यात मासळी-कोळंबी, त्यामुळे औषध मारायला घरच्यांचा हात आपोआप आखडतो, औषध मारलं तर मासळी मरेल. आणि तिथेच संध्याकाळी भिंगऱ्या पाण्याला टेकून टेकून उडतात. बांध फुटून खारं पाणी शिरलं आणि शेत पडीक पडलं की हळूहळू कांदळवन येतं, ते चांगलंच, पण उघड्यावर उडून खाणाऱ्या पक्ष्याला उघडं शेत लागतं. म्हणजे माझं मत असं की खाजन जपणं हे भिंगरी जपण्याचंच काम आहे, कुणी त्याला तसं म्हणत नाही एवढंच.

"भिंगरी डास खाते" असं सांगून लोकांना पटवायचा मोह होतो ना, तो जरा आवरा. डास खातात, पण माश्या, उडणाऱ्या मुंग्या, पहिल्या पावसानंतर निघणारी वाळवी, भुंगेरे असं जरा मोठं खाद्य त्यांना जास्त सोयीचं पडतं, पिल्लांसाठी तर नक्कीच. उद्या डास कमी झाले नाहीत तर लोक म्हणतील खोटं सांगितलंत.

सड्यावरचा

अगदी बरोबर. माळभिंगरीच्या पिल्लांना दिवसाला सुमारे ४०० वेळा घास भरवतात असं तिकडच्या निरीक्षणात आहे. एवढे किडे घराच्या आसपासच मिळायला हवेत, लांब जाऊन परवडत नाही. म्हणून घरट्यापासून हाकेच्या अंतरावर थोडं गवत, गोठा, ओढा, शेत असलं की पिल्लं धडधाकट होतात.

साकव_इंजिनियर

मी पुलांच्या कामावर असतो, कुठे ते लिहीत नाही. पुलाखाली चार प्रकार भेटतात आणि साइटवरची माणसं सगळ्यांना एकच समजतात म्हणून वेगळे सांगतो. लालबुडी म्हणजे वर ताईंनी सांगितलेलं नळीवालं घरटं. तारवाली भिंगरी, डोक्यावर विटकरी टोपी, शेपटीला दोन बारीक तारा, ती पाण्यापासून फारशी दूर जात नाही, साकव, मोरी, फेरीचा धक्का यांच्या खाली अर्ध्या वाटीएवढं उघडं घरटं. तिसरी रेघाळ गळ्याची, तिची वस्तीच असते, घरटी एकमेकांना चिकटून डझनांनी. आणि चौथ्या घरपाकोळ्या, त्या भिंगऱ्याच नव्हेत, त्या तारेवर बसूच शकत नाहीत, पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून घरटं करतात, कधी कधी भिंगरीच्या रिकाम्या मातीच्या घरट्यात पण घुसतात.

आमच्या एका दुरुस्तीच्या कामात ठेकेदाराच्या माणसांनी गर्डरखालची सगळी वस्ती लोखंडी सळीने पाडली, नाव घेत नाही, खाली पाण्यात माती आणि अंडी पडत होती आणि वरून पक्षी ओरडत फिरत होते. मी पोचलो तेव्हा बरंच होऊन गेलं होतं. त्यानंतर मी स्वतःच्या कामात एक नियम केला, काम सुरू करायच्या आधी बोटीने किंवा खाली उतरून टॉर्च मारून बघायचं, चालू घरटी असतील तर तो स्पॅन (पुलाच्या दोन खांबांमधला भाग) शेवटी घ्यायचा. कामाचा क्रम बदलल्याने एक रुपया जास्त लागत नाही. सगळ्या साइट इंजिनियरांनी एवढं केलं तरी पुष्कळ. तारवालीची घरटी वर्षातून बऱ्याच महिन्यांत चालू असू शकतात म्हणून तिथे फक्त कॅलेंडर बघून चालत नाही, प्रत्यक्ष बघायलाच लागतं.

मीठागर

वाचून पोटात कालवलं हो. खाली पडलेली पिल्लं जगतात का? काही करता येतं का अशा वेळी?

चिरेबंदी

येतं. आमच्या गावातल्या साकवाखालचं तारवालीचं घरटं पावसात निम्मं सुटून खालच्या कठड्यावर आलं, पिल्लं जिवंत होती, पिसं फुटायला लागलेली. माझ्या काकांनी नारळाची अर्धी करवंट घेतली, तळाला भोकं पाडली पाणी निथळायला, आत सुकं गवत, आणि जुन्या जागेपासून हातभर अंतरावर तारेने घट्ट बांधली. पिल्लं त्यात ठेवली आणि सगळ्यांना लांब जायला लावलं. थोड्या वेळाने आई आली, जुन्या जागी दोन-तीनदा घुटमळली, मग पिल्लांच्या आवाजावर करवंटीकडे वळली. त्यानंतर दोघं नेहमीसारखं भरवत होते आणि पिल्लं उडाली.

माणसाने हात लावला की आई टाकून देते हे खरं नाही. पण पिल्लू घरी नेऊन दूध-भात भरवायचा प्रकार मुळीच करू नका, किड्यांवर वाढणारं पिल्लू आहे ते. जमेल तितकं जुन्या जागेजवळ ठेवा, मांजर पोचणार नाही असं. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

वाळवंटीकाठची

चिरेबंदी, काकांना माझा नमस्कार सांग.

मातीबद्दल पण कुणाला अनुभव असेल तर लिहा. मला वाटतं आमच्याकडे पूर्वी विहिरीच्या कडेला, कपडे धुवायच्या दगडापाशी कायम चिखल असायचा, तिथे भिंगऱ्या उतरून माती न्यायच्या. आता अंगणात पेव्हर, तळीच्या काठाला काँक्रीट, एप्रिल-मे मध्ये ओली माती शोधायची कुठे? पक्षी बांधायला लवकर बघतो आणि चिखल मिळतो जूनमध्ये.

खाजनातली

ताई, परदेशात याच कारणासाठी लोक मुद्दाम चिखल करून ठेवतात. उथळ ट्रे किंवा अंगणाचा एक कोपरा, चिकट माती (रेताड नको, सुकल्यावर भुगा होतो), सकाळी पाणी मारायचं, उघड्यावर ठेवायचा म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही. मी यंदा विहिरीजवळ केला होता, आधी बुलबुल आणि चिमण्याच आल्या, भिंगऱ्या नंतर आल्या पण आल्या. उतरतात तेव्हा पंख वर धरून फडफडवत राहतात, पाय चिखलात बुडू नयेत आणि एकदम उडता यावं म्हणून असेल. चोच भरून माती घेऊन जाताना गालाला पण चिखल लागलेला दिसतो.

नव्याने_पक्षी

मी कॉलेजात आहे, नुकतंच पक्षीनिरीक्षण सुरू केलंय. एवढं सगळं वाचून वाटलं आपण काहीतरी करावं पण एकट्याने काय करणार? नोंदी कुठे करायच्या?

सड्यावरचा

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायचं ॲप) करा, फुकट आहे, फोनवर चालतं. एक विनंती, "भिंगऱ्या होत्या" एवढंच न लिहिता आकडा टाका, अंदाजे असला तरी, आणि घरटं बघितलं तर घरट्याचा कोड निवडा. आणि एकाच जागेची नोंद परत परत करत राहा, उदाहरणार्थ करमळीचं तळं, किंवा कुडचड्याचं नंदा तळं जे २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, किंवा तुमच्या कॉलेजचं मैदान. २०२३ चा "भारतीय पक्ष्यांची स्थिती" अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे, ३० हजारांच्या आसपास लोक आणि ३ कोटींच्या आसपास नोंदी, त्यावरून ९४२ जातींचा आढावा घेता आला. त्यात शास्त्रज्ञ होते पण नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांच्या. पक्षी कमी होतोय हे ओरडून सांगायला आधी तो किती होता हे लिहिलेलं लागतं. रोज दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद करायचा लोक सगळ्यात जास्त कंटाळा करतात, तोच करू नका.

नव्याने_पक्षी

धन्यवाद सर, आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्येच दोन घरटी आहेत, आजपासून सुरू.

वाळवंटीकाठची

अपडेट. काल परत मीटिंग झाली. रंगारीदादांचा मजकूर ग्रुपवर टाकला होता, त्याचा परिणाम सगळ्यात जास्त झाला, कारण खर्च वाढत नाही हे एका पेंटरकडूनच आलं. दोघांचा विरोध होता. त्यांच्या गाड्या नेमक्या घरट्यांखाली लागतात, तर आम्ही तीन घरांनी आपल्या पार्किंगच्या जागा चवथीपुरत्या बदलून दिल्या. फळी माझे वडील करून देतायत, जुन्या कपाटाचं प्लायवूड आहे. प्रेशर वॉशर स्लॅबच्या त्या भागात चालवायचा नाही असं लेखी ठरलं. पिल्लं असलेलं घरटं नक्की राहणार, बाकीच्या दोनांचं रिकामी आहेत की नाही बघून ठरवू म्हणाले, त्यावर मी अजून भांडतेय.

म्हापशेकर१२

ताई, अभिनंदन. मी पण फळी लावून घेतली, सीट दोन दिवस स्वच्छ आहे, बायको पण शांत आहे. आता मला एक सांगा, आमच्याकडे पण पुढच्या आठवड्यात पेंटर येतोय आणि घरटं रिकामं आहे की नाही हे ओळखायचं कसं? वर नळी आहे, आत काही दिसत नाही आणि शिडी लावून हात घालायचा नाही हे मला कळतं.

सड्यावरचा

हात नकोच, आणि मोबाईलचा फ्लॅशही नको. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान आणि संध्याकाळी उजेड जायच्या आधी, लांब उभं राहून अर्धा-अर्धा तास बघा, दोन-तीन दिवस. पिल्लं असतील तर मोठे पक्षी दर काही मिनिटांनी येतात आणि ओरड ऐकू येते. फसवणारी अवस्था अंड्यांची, तेव्हा सगळं शांत असतं, उबवणारा पक्षी बराच वेळ आत बसून राहतो आणि दिवसातून मोजक्या वेळा बाहेर पडतो, लोकांना वाटतं रिकामं आहे. उबवायला दोनेक आठवडे आणि मग पिल्लं उडेपर्यंत तीन-साडेतीन आठवडे धरा. शिवाय पिल्लं पहिल्यांदा उडाल्यावर पण काही रात्री झोपायला घरट्यात परत येतात, म्हणून उडाली त्याच दिवशी पट्टी घेऊन चढू नका. एका मोसमात दुसरी वीणही होते.

आणि रिकामं आहे याची खात्री झाली तरी शक्यतो ठेवाच. जुनं घरटं डागडुजी करून पुढच्या वर्षी परत वापरतात, तेवढे त्यांचे मातीचे हेलपाटे वाचतात. तुमच्या पेंटरला रंगारीदादांनी लिहिलेली दीड फुटाची टेप दाखवा.

म्हापशेकर१२

ठीक. उद्या सकाळपासून बघतो आणि इथेच लिहितो. पेंटरला आजच फोन करतो, नेट त्या बाजूला बांधू नको म्हणून.